मातेची ठेव : नाळेंतील रक्त आणि गर्भाची वाढ

वारसा हा शब्द उच्चारतांच शेत, वाडा, दागिने यांचें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. आमच्या मराठवाड्यांत तर बांधाच्या एका वितीवरून भावाभावांत वर्षानुवर्षें दावे चालतात. परंतु मनुष्यास मिळणारा पहिला वारसा कोणत्याही सातबाऱ्यावर नोंदलेला नसतो. तो जन्मापूर्वींच त्याच्या नांवें जमा झालेला असतो, आणि तो देणारी त्याची आई असते. हा वारसा म्हणजे आईच्या रक्तांतील रोगप्रतिकारक द्रव्यें होत. तीं वारेंतून नाळेवाटें गर्भाच्या रक्तांत उतरतात आणि आयुष्याच्या पहिल्या कांहीं महिन्यांत बालकाचें रक्षण करितात. हा वारसा कोणास पुरेपूर मिळतो, कोणास अपुरा मिळतो, आणि गर्भाची वाढ खुंटली असतां त्याचें काय होतें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. विषय वैद्यकाचा असला तरी तो नांदेड-लातूरकडील प्रत्येक घराशीं संबंध असलेला आहे. म्हणून शक्य तितक्या सोप्या शब्दांत तो विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडण्याचा आम्ही यत्न करितों.

वार आणि नाळ

गर्भाशयाच्या आंतल्या भिंतीस चिकटून एक वाटोळा, चपटा व मांसल गोळा वाढत असतो. त्यास आपण वार म्हणतों. दिवस पुरे भरले असतां त्याचें वजन सुमारें अर्धा किलो भरतें. वारेपासून गर्भाच्या बेंबीपर्यंत जी दोरी जाते ती नाळ. तिची लांबी सुमारें दीड ते दोन फूट असते. नाळेंत तीन रक्तवाहिन्या असतात. त्यांपैकीं एकींतून ताजें, प्राणवायुयुक्त रक्त वारेकडून गर्भाकडे जातें, आणि उरलेल्या दोहोंतून वापरलेलें रक्त गर्भाकडून वारेकडे परत येतें.

आईचें रक्त सरळ बालकाच्या शरीरांत वाहतें अशी पुष्कळांची समजूत आहे. परंतु ती बरोबर नाहीं. आईचें रक्त आणि गर्भाचें रक्त यांच्यामध्यें वारेंत एक अतिशय पातळ पडदा असतो. या पडद्यांतून प्राणवायु, साखर, क्षार व इतर अन्नघटक गर्भाकडे जातात, आणि गर्भाच्या शरीरांतील टाकाऊ द्रव्यें आईकडे येतात. पूर्वीं जकातीच्या नाक्यावर बसलेला शिपाई कोणती गाडी आंत सोडावयाची व कोणती अडवावयाची तें पाहत असे. तसेंच कांहींसें काम हा पडदा करितो. बाळंतपण झाल्यावर नाळ बांधून कापली असतां तिच्या वारेकडील भागांत कांहीं रक्त शिल्लक राहतें. बालकास सुई न टोंचतां हें रक्त घेतां येतें, आणि त्याची परीक्षा केली असतां जन्मसमयीं बालकाच्या रक्तांत कोणकोणतीं द्रव्यें किती प्रमाणांत होतीं तें कळतें. वैद्यकांत नाळेंतील रक्तास महत्त्व आलें आहे तें यामुळेंच.

गुंजेचें बीं आणि एक प्रयोग

१८९० सालीं बर्लिन येथें एमिल फॉन बेरिंग आणि जपानी शास्त्रज्ञ शिबासाबुरो कितासातो यांनीं असें दाखविलें कीं, धनुर्वाताच्या विषाची हळूहळू संवय केलेल्या प्राण्याच्या रक्तरसांत त्या विषाचा परिणाम नाहींसा करणारें द्रव्य उत्पन्न होतें, आणि तो रक्तरस दुसऱ्या प्राण्यास टोंचला असतां त्याचेंही रक्षण होतें. अशा द्रव्यांस आज प्रतिपिंड म्हणतात. हे प्रतिपिंड एक प्रकारचीं प्रथिनें आहेत. जशी एका कुलपाची किल्ली दुसऱ्या कुलपास लागत नाहीं, तसा एका रोगावरील प्रतिपिंड दुसऱ्या रोगावर सहसा चालत नाहीं. ज्या रोगाशीं शरीराची एकदां गांठ पडली, किंवा ज्याची लस टोंचली गेली, त्याचे प्रतिपिंड शरीर तयार करून ठेवतें.

आईचे प्रतिपिंड मुलास मिळतात काय, हा पुढचा प्रश्न होता. त्याचें उत्तर पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञानें १८९२ सालीं दिलें, आणि त्याकरितां त्यानें जीं विषें वापरलीं तीं ज्या बियांचीं आहेत त्या आपल्या पूर्ण ओळखीच्या आहेत. एक बीं गुंजेचें आणि दुसरें एरंडाचें. गुंज आपल्याकडे सोनाराच्या तराजूंत वजन म्हणून चालत असे, आणि एरंड तर ओढ्याच्या कांठीं कोठेंही उगवतो. परंतु या दोन्ही बियांत प्राणघातक विष असतें. एर्लिखनें उंदरांस हें विष प्रथम अत्यल्प व मग वाढत्या प्रमाणांत देऊन त्यांस विषसह बनविलें. मग त्यांच्या पिलांची परीक्षा केली. बाप विषसह आणि आई साधी असल्यास पिलांस कांहींच संरक्षण मिळालें नाहीं. आई विषसह असल्यास मात्र पिलें कांहीं आठवडे सुरक्षित राहिलीं. पुढें त्यानें पिलांची अदलाबदल केली. साध्या आईचीं पिलें विषसह आईच्या अंगावर पाजलीं, तेव्हां त्यांनाही संरक्षण मिळालें. यावरून दोन गोष्टी ठरल्या: ही शक्ति बापाच्या बीजांतून उतरत नाहीं, ती आईकडून येते, आणि ती वार व दूध या दोन वाटांनीं येते. ती उसनी असल्यामुळें कायमची टिकत नाहीं, हेंही त्याच प्रयोगानें कळलें. उंदरांत दुधावाटें आलेले प्रतिपिंड रक्तांत शोषले जातात. मनुष्याच्या बालकांत मात्र रक्तांतील ठेव जवळजवळ सर्व वारेंतूनच मिळते, आणि दुधाचें काम निराळें असतें. तें पुढें सांगूं.

तीन जातींचे प्रतिपिंड

प्रतिपिंडांच्या अनेक जाती आहेत. आपल्या विषयापुरत्या तीन लक्षांत ठेवल्या म्हणजे पुरे. त्यांस इंग्रजी वर्णांवरून ‘जी’, ‘एम’ आणि ‘ए’ अशीं नांवें आहेत.

‘जी’ जातीचे प्रतिपिंड जुन्या अनुभवाचे असतात. आईला लहानपणीं गोवर येऊन गेला असेल किंवा तिनें लस घेतली असेल, तर तिच्या रक्तांत या जातीचे प्रतिपिंड पुष्कळ वर्षें राहतात. वारेच्या पडद्यांतून गर्भाकडे जाण्याचा परवाना या एकाच जातीस आहे. ते आपोआप झिरपत नाहींत; पडद्याच्या पेशींवर त्यांस धरून पलीकडे पोंचविणारे खास ग्राहक असतात. असे ग्राहक असले पाहिजेत ही कल्पना ब्रॅम्बेल या आयरिश शास्त्रज्ञानें १९५० नंतरच्या दशकांत मांडली, आणि पुढें ती खरी ठरली. गर्भाच्या सुमारें तेराव्या आठवड्यापासून ही वाहतूक सुरू होते. अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाच्या रक्तांतील ‘जी’ प्रतिपिंडांचें प्रमाण आईच्या निम्म्यापर्यंत येतें. शेवटच्या चार आठवड्यांत तर ठेवीचा मोठा भाग भरला जातो, आणि नवमास पूर्ण होऊन जन्मलेल्या सुदृढ बालकाच्या नाळेंतील रक्तांत हें प्रमाण आईच्या बरोबरीचें, कित्येकदां तिच्याहून अधिक, आढळतें.

‘एम’ जातीचे प्रतिपिंड आकारानें मोठे असून नवा रोग अंगावर आला असतां शरीर प्रथम तेच तयार करितें. ते वार ओलांडूं शकत नाहींत. ‘ए’ जातीचेही वार ओलांडीत नाहींत. परंतु ते आईच्या दुधांत, विशेषतः पहिल्या दोनतीन दिवसांच्या पिवळसर व घट्ट चिकांत, विपुल असतात. बालकाच्या आंतड्यांच्या आंतील त्वचेवर ते पहारा ठेवतात आणि हगवणीच्या जंतूंस आंत शिरूं देत नाहींत.

वाढ खुंटलेल्या गर्भाचा वारसा

आतां मुख्य विषयाकडे वळूं. जन्मतः ज्या बालकाचें वजन २५०० ग्रॅमपेक्षां, म्हणजे अडीच किलोपेक्षां, कमी असतें त्यास वैद्यकांत कमी वजनाचें बालक म्हणतात. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, वजनाची नोंद मिळालेल्या बालकांपैकीं सुमारें १८ टक्के या वर्गांत आढळलीं. हीं बालकें दोन प्रकारचीं असतात. कांहीं दिवस भरण्यापूर्वींच, म्हणजे ३७ आठवड्यांच्या आंत, जन्मतात. दुसऱ्या प्रकारचीं बालकें दिवस पुरे भरून जन्मतात, पण गर्भांत त्यांची वाढ व्हावी तितकी झालेली नसते. कांहींच्या वांट्यास हीं दोन्ही दुःखें एकदम येतात.

पहिल्या प्रकारांत वारसा कमी कां पडतो हें उघड आहे. ठेवीचा मोठा भाग अखेरच्या आठवड्यांत भरावयाचा असतो. तो भरण्यापूर्वींच बालक जगांत येतें. अठ्ठाविसाव्या आठवड्यांत जन्मलेल्या बालकाच्या पदरीं जेमतेम अर्धी ठेव असते. दुसऱ्या प्रकारांत काळ पुरा मिळतो, पण वाट अरुंद असते. गर्भाची वाढ खुंटण्याचें एक प्रमुख कारण म्हणजे वार लहान राहणें किंवा तिच्यांतील रक्तप्रवाह मंद असणें. ज्या वारेंतून अन्न आणि प्राणवायु अपुरा जातो, तिच्यांतून प्रतिपिंडही अपुरे जाण्याचा संभव असतो. अशा बालकांच्या नाळेंतील रक्त तपासून पाहतां पुष्कळ संशोधकांस ‘जी’ प्रतिपिंडांचें प्रमाण सुदृढ बालकांहून कमी आढळलें आहे. प्रत्येक बालकांत तें कमी असेलच असें नाहीं. तरी अंगानें लहान असलेलें बालक जंतुसंसर्गास लवकर बळी कां पडतें, याचें एक कारण येथें सांपडतें.

या कमतरतेचा अर्थ विद्यार्थ्यांनीं गणितानें समजून घ्यावा. आईकडून आलेले ‘जी’ प्रतिपिंड बालकाच्या शरीरांत झिजत जातात; सुमारें तीन आठवड्यांत ते निम्मे होतात. समजा, एका सुदृढ बालकाजवळ जन्मतः १६ भाग आहेत. तीन आठवड्यांनीं ८, सहा आठवड्यांनीं ४, नऊ आठवड्यांनीं २ आणि बारा आठवड्यांनीं १ भाग उरेल. दुसऱ्या बालकाजवळ आरंभींच ८ भाग असतील, तर तें एका भागावर बाराव्या आठवड्याऐवजीं नवव्या आठवड्यांतच येईल. तिसऱ्याजवळ ४ च असतील, तर सहाव्या आठवड्यांत. म्हणजे आरंभींची ठेव निम्मी झाली कीं संरक्षणाचे तीन आठवडे कमी झाले. बालकाचें स्वतःचें शरीर पुरेसे प्रतिपिंड करूं लागेपर्यंत मध्यें जी उघडी जागा पडते, ती अशक्त बालकाच्या बाबतींत लवकर येते आणि अधिक काळ राहते. सरकारी लसीकरणांत सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांतील लसी कां ठरविल्या आहेत आणि त्या दिवस टळूं न देतां कां द्याव्या, तें यावरून ध्यानांत येईल.

उलट, ठेव भरपूर असली म्हणजे कांहीं लसींस अडचणही होते. गोवराची लस हा सौम्य केलेला जिवंत विषाणु असतो. आईचे प्रतिपिंड बालकाच्या रक्तांत असतांना ती टोंचली तर ते तिचा नाश करितात आणि लस वायां जाते. यासाठीं आपल्या देशांत ती नऊ महिने पूर्ण झाल्यावर, आणि दुसऱ्यांदां सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान देतात.

रक्तांत आढळणारी आजाराची खूण

‘एम’ प्रतिपिंड वार ओलांडूं शकत नाहींत, असें आम्ही वर म्हटलें. यांतून एक महत्त्वाचें अनुमान निघतें. नाळेंतील रक्तांत ते वाजवीहून अधिक सांपडले, तर ते आईचे असूं शकत नाहींत. बालकानेंच ते गर्भांत असतांना तयार केलेले असले पाहिजेत. आणि ज्या अर्थीं त्यानें ते तयार केले, त्या अर्थीं गर्भांतच त्याच्यावर कोणत्या तरी जंतूनें हल्ला केला असला पाहिजे. १०० मिलिलिटर रक्तरसांत सुमारें २० मिलिग्रॅमपेक्षां अधिक ‘एम’ प्रतिपिंड आढळले म्हणजे वैद्य सावध होतात. रक्त घेतांना आईचें रक्त त्यांत मिसळल्यास फसगत होते. म्हणून एका परीक्षेवर निकाल न देतां त्या त्या रोगाच्या निरनिराळ्या परीक्षा कराव्या लागतात.

गर्भाची वाढ खुंटविणाऱ्या अशा संसर्गांत रुबेला हा एक आहे. आईला त्यानें थोडा ताप व पुरळ येण्यापलीकडे कांहीं होत नाहीं. परंतु गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत तो झाल्यास बालकास मोतीबिंदू, बहिरेपणा व हृदयाचे दोष होऊं शकतात, आणि बालक अंगानें लहान राहतें. ऑस्ट्रेलियांतील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनीं १९४१ सालीं लहान बालकांच्या मोतीबिंदूचें हें मूळ शोधून काढलें. महाराष्ट्रांत २०१८ सालीं शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची लस टोंचण्याची जी मोहीम झाली, तिचा एक हेतु हाच होता. त्या वेळीं शाळेंत रांगेंत उभ्या राहिलेल्या मुलींनीं आपल्या पुढच्या पिढीसाठीं ठेव जमा केली. उपदंश, टोक्सोप्लाझ्मा व सायटोमेगॅलो विषाणु हेही याच वर्गांतील आहेत. यांपैकीं उपदंश गरोदरपणांतील साध्या रक्तपरीक्षेनें ओळखतां येतो आणि पेनिसिलिननें बरा होतो.

हिंवतापाचा निर्देशही केला पाहिजे. हा रोग डांसांमुळें पसरतो याचा पुरावा रोनाल्ड रॉस यांस १८९७ सालीं सिकंदराबाद येथें सांपडला. त्या काळीं नांदेड व लातूर हीं गांवेंही त्याच हैदराबाद संस्थानांत होतीं. गरोदर स्त्रीस हिंवताप झाला असतां त्याचे जंतु वारेंत दडून बसतात. त्यामुळें गर्भास अन्न कमी मिळून वजन घटतें आणि प्रतिपिंडांची वाहतूकही मंदावते. गर्भवतीनें मच्छरदाणींत निजावें हा सल्ला यासाठींच आहे.

तथापि, आमच्याकडे जन्मणारें प्रत्येक लहान बालक गर्भांत आजारी होतें असा समज कोणीही करून घेऊं नये. बहुतेकांच्या बाबतींत कारण याहून साधें असतें, आणि तें आईच्या ताटांत व तिच्या दिनक्रमांत शोधावें लागतें.

आमच्या घरांतील कारणें

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालापासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांची जी पाहणी केली, ती या बाबतींत मार्गदर्शक आहे. त्या स्त्रियांचें गरोदरपणापूर्वींचें वजन सरासरी सुमारें ४२ किलो होतें, आणि त्यांच्या बालकांचें जन्मतः वजन सरासरी सुमारें २.७ किलो भरलें. इंग्लंडांतील बालकांचें वजन मात्र साडेतीन किलोच्या आसपास होतें. त्या पाहणींत असेंही दिसून आलें कीं, ज्या स्त्रियांच्या आहारांत हिरव्या पालेभाज्या, फळें व दूध वारंवार होतें, त्यांचीं बालकें अंगानें मोठीं होतीं. मेथी, करडई, चुका, अंबाडी, शेवग्याचा पाला या भाज्या आमच्या शेतांत व बाजारांत मिळतात. त्यांस मोठा पैसा पडत नाहीं. परंतु सर्वांचें जेवण उरकल्यावर उरलेंसुरलें खाणें ही घरच्या सुनेची रीत, आणि ‘जास्त खाल्लें तर लेकरूं मोठें होऊन बाळंतपण अवघड जाईल’ ही जुनी समजूत, या दोन गोष्टी तें अन्न तिच्यापर्यंत पोंचूं देत नाहींत.

रक्तक्षय हें दुसरें कारण. वर उल्लेखिलेल्या राष्ट्रीय पाहणींत देशांतील गरोदर स्त्रियांपैकीं निम्म्याहून अधिक रक्तक्षयानें ग्रस्त आढळल्या. तिसरें कारण कोवळ्या वयांतील विवाह. ज्या मुलीचें स्वतःचें शरीर अजून वाढत आहे, तिच्या शरीरास गर्भाच्या वांट्याचें अन्न पुरविणें कठीण जातें. चौथें कारण मिश्री आणि तंबाखू. दांतांस लावण्याचें निमित्त करून तंबाखूचें विष आईच्या रक्तांत व तेथून गर्भांत जातें, आणि बालकाचें वजन घटतें. याशिवाय दोन बाळंतपणांतील थोडें अंतर, वाढलेला रक्तदाब, आणि अखेरच्या महिन्यांपर्यंत चाललेलें जड काम हीं आहेतच. बीड, नांदेड, लातूर, परभणीकडील हजारों कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठीं पश्चिमेकडे जातात. त्यांतील गर्भवती स्त्रीस फडावर मोळ्या वाहाव्या लागतात, तिची तपासणी चुकते, आणि लसीचें कार्ड गांवींच राहतें. त्या बाईनें दोष केला असें कोण म्हणेल? पोटासाठीं ती जाते. पण तिच्या तपासणीची सोय तिच्याबरोबर गेली पाहिजे.

धनुर्वाताचा धडा

आईच्या ठेवीवर भरंवसा ठेवून केवढें मोठें कार्य होऊं शकतें, याचें उत्तम उदाहरण नवजात बालकांच्या धनुर्वाताचें आहे. विळ्यानें किंवा दगडानें नाळ कापावी, बेंबीवर राख अथवा शेण लावावें, आणि आठपंधरा दिवसांच्या आंत बालकाचा जबडा मिटून अंग ताठ व्हावें, हें दृश्य एके काळीं खेड्यापाड्यांत नवलाचें नव्हतें. घरांतील मंडळी तें सटवाईच्या लेखावर घालीत आणि गप्प बसत. बालकास जन्मल्यावर लस टोंचून उपयोग नव्हता, कारण त्याचें शरीर प्रतिपिंड तयार करीपर्यंत रोग गांठीत असे. तेव्हां लस गर्भवतीस द्यावी, तिच्या रक्तांत प्रतिपिंड तयार व्हावे, आणि ते नाळेवाटें बालकास मिळावे, अशी योजना करण्यांत आली. तिच्या जोडीला स्वच्छ पात्यानें नाळ कापणें व रुग्णालयांतील बाळंतपण यांचा प्रसार झाला. २०१५ सालीं, माता व नवजात बालकें यांच्यांतील धनुर्वाताचें भारतांतून निर्मूलन झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें मान्य केलें. हल्लीं गर्भवतीस धनुर्वात व घटसर्प यांची जोडलस देतात. दोन मात्रांत निदान चार आठवड्यांचें अंतर ठेवतात. लस वेळेवर घेणें जरूर आहे, कारण प्रतिपिंड तयार होण्यास व वार ओलांडण्यास अवधि लागतो.

नांदेडची घटना आणि आपलें कर्तव्य

नांदेड येथें १९८८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. लातूर येथेंही तसें महाविद्यालय आहे, आणि तेथील विवेकानंद रुग्णालय १९६६ पासून सेवा करीत आहे. आसपासच्या जिल्ह्यांतून, तेलंगणाच्या सीमेपलीकडूनही, नांदेडला रुग्ण येतात. तेथील शासकीय रुग्णालयांत ३० सप्टेंबर व १ ऑक्टोबर २०२३ या दिवसांत चोवीस तासांच्या आंत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालकें होतीं. सर्व महाराष्ट्र हळहळला, आणि मुंबईच्या उच्च न्यायालयानें स्वतः होऊन त्या प्रकरणाची दखल घेतली. औषधें व मनुष्यबळ यांच्या टंचाईची तक्रार एका बाजूनें झाली. बालकांपैकीं अनेक कमी वजनाचीं, अपुऱ्या दिवसांचीं व शेवटच्या अवस्थेंत आणलेलीं होतीं असें दुसऱ्या बाजूनें सांगण्यांत आलें. त्या वादाचा निवाडा येथें करावयाचा नाहीं. पण ज्या बालकाची ठेव जन्मतःच अपुरी, त्यास उपचाराचा एक दिवसही गमावून चालत नाहीं, हें वर सांगितलेल्या शास्त्रावरून कोणासही कळेल. तहान लागल्यावर विहीर खणण्याची संवय येथें प्राणावर बेतते.

म्हणून पालकांस आमची विनंति आहे ती अशी. घरांत दिवस गेल्याचें कळतांच नांव नोंदवून तपासणी करवावी. गर्भवतीस सर्वांच्या बरोबरीनें, आणि आधीं, जेवूं घालावें. भाकरीबरोबर डाळ, पालेभाजी, शेंगदाणे, आणि शक्य असल्यास दूध व अंडें द्यावें. लोहाची गोळी सहा महिने रोज घ्यावयाची असते. ती मधेंच सोडूं नये. बाळंतपण रुग्णालयांत करावें, आणि १०२ व १०८ या क्रमांकांवर गाडी मिळते हें घरांतील प्रत्येकास माहीत असावें. बालक जन्मल्यावर तासाभराच्या आंत त्यास अंगावर पाजावें. चीक पिळून टाकूं नये; मध, गुटी किंवा साखरपाणी चाटवूं नये, कारण वारेंतून न मिळालेले ‘ए’ प्रतिपिंड या चिकांतूनच मिळावयाचे असतात, आणि अस्वच्छ बोटानें नेमके तेच जंतु पोटांत जातात ज्यांच्याशीं त्यांस झगडावयाचें असतें. बालक लहान असेल तर आईनें त्यास उघड्या छातीशीं धरून ऊब द्यावी, आणि तें दूध ओढीनासें झालें, थंड पडलें, किंवा धापा टाकूं लागलें तर सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें.

लहान बालकांविषयीं निराश होण्याचें मात्र कारण नाहीं. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं खेड्यांतील सामान्य शिकलेल्या स्त्रियांस शिकवून त्यांच्याकडून घरोघर नवजात बालकांची शुश्रूषा करविली. त्यामुळें तेथील नवजात बालकांच्या मृत्यूंचें प्रमाण निम्म्याहूनही खालीं आलें, हें त्यांनीं १९९९ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनावरून सिद्ध झालें आहे. ऊब, आईचें दूध, स्वच्छ हात, आणि संसर्गाची खूण दिसतांच औषध, एवढीच त्यांची सामग्री होती.

विद्यार्थी मित्रहो, हा विषय मोठ्या माणसांचा आहे असें समजून पान उलटूं नका. शाळेंत आठवड्यास मिळणारी लोहाची निळी गोळी पुष्कळ मुली दप्तरांत टाकून देतात; ती गिळावी. गोवर-रुबेलाची लस राहिली असल्यास घ्यावी. बहिणीचें लग्न अठरा वर्षें पुरीं होण्यापूर्वीं ठरूं लागलें तर वडिलांपुढें नम्रपणें परंतु स्पष्टपणें बोलावें. आणि मुलांनीं आपल्या घरीं आई, वहिनी किंवा बहीण जेवल्याशिवाय शेवटची भाकरी उचलूं नये. नाळेंतील रक्ताची परीक्षा प्रयोगशाळेंत होते आणि ती जन्माच्या दिवशीं होते. परंतु त्या रक्तांत काय उतरणार हें ठरतें तें अनेक वर्षें आधीं, आईच्या बालपणापासून, आपल्याच स्वयंपाकघरांत. आज आपल्या वर्गांत बसलेल्या मुली उद्यांच्या माता आहेत. त्यांच्या शरीरांत आज जें सांठेल, तेंच उद्यां त्यांच्या बालकांस पहिल्या श्वासापूर्वीं मिळेल.